खबर, खबऱ्या आणि विम्याचे तिकीट

विम्याच्या पॉलिसीवर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि त्या शुल्काची तिकिटे वर्षानुवर्षे नाशिकरोडला छापली जात आली आहेत. १९२५ मध्ये तिथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला. तोवर इंग्लंडहून छापून येणारी पोस्टाची तिकिटे, मुद्रांक आणि इतर सरकारी कागद त्यानंतर इथे तयार होऊ लागले, आणि तीन वर्षांनी शेजारी नोटांचा छापखाना आला. साऱ्या देशाच्या कागदावरच्या विश्वासाचे हे कोठार. याच कोठारातून भंगारात निघालेली यंत्रे आणि आतल्या माणसांची ओळख यांच्या जोरावर सीमाभागातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने नव्वदच्या दशकात बनावट मुद्रांकांचा धंदा उभारला. त्याची घाऊक गिऱ्हाइके कोण होती, तर बँका, शेअर दलाल आणि विमा कंपन्या. १९९४ मध्ये त्याला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला आणि तो पकडला गेला नोव्हेंबर २००१ मध्ये, अजमेरला. मधल्या सात वर्षांत छापखान्यातून, रेल्वेतून, पोलीस ठाण्यांतून, कंपन्यांच्या लेखा विभागांतून कितीतरी माणसांच्या नजरेखालून हा कागद गेला असेल. त्यांपैकी एकालाही शंका आली नसेल, हे पटत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: ज्याला शंका आली त्याने ती सांगावी, अशी जागा कुठे होती? आरोग्य विम्यातल्या आजच्या गैरव्यवहारांना हाच प्रश्न लागू पडतो आणि त्याचे उत्तर शोधायला नाशिकचा इतिहास बराच उपयोगी पडतो. त्या इतिहासातून माझ्यापुरता निघणारा निष्कर्ष असा की आपल्याकडे खबर गुप्त ठेवण्याची सोय पुष्कळ जुनी आहे, पण ती खबर घेणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली आहे. खबर देणाऱ्याचा तो हक्क आहे, असे आपण अजूनही धडपणे मान्य केलेले नाही.

पुरावा कायद्यातच पाहू. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे १२५ वे कलम सांगते की गुन्ह्याची माहिती कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती मॅजिस्ट्रेटवर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही. १८८७ मध्ये ते कलम नव्याने लिहिले गेले आणि महसुली अधिकाऱ्यालाही तेच संरक्षण मिळाले. या दुसऱ्या तरतुदीमागचे कारण उघड आहे: अबकारी आणि जकात ही सरकारच्या उत्पन्नाची मोठी साधने होती, आणि चोरटी दारू किंवा चुकवलेली जकात खबऱ्यावाचून सापडत नाही. पण कलमाची रचना नीट वाचली की लक्षात येते, तोंड बंद ठेवण्याचा अधिकार इथे अधिकाऱ्याला आहे. त्याने आपणहून नाव फोडले तर खबऱ्याने कुणाकडे दाद मागायची, याबद्दल कलम मुके आहे. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी हे कलम नव्या क्रमांकाने जवळपास जसेच्या तसे पुढे आले. विमा कंपनीचा दक्षता अधिकारी मॅजिस्ट्रेट नव्हे, पोलीस नव्हे, महसुली अधिकारीही नव्हे. दीडशे वर्षांची ही गुप्तता त्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

कायदा असा अधिकाऱ्याच्या बाजूचा, आणि त्याच कायद्याच्या छायेत वावरणारा खबऱ्या महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला तो वेगळ्याच कारणाने. १८९७ मध्ये पुण्यात झालेल्या प्लेग अधिकारी रँडच्या वधानंतर दामोदर चापेकरांचा माग सरकारला लागला तो द्रविड बंधूंमुळे, आणि ८ फेब्रुवारी १८९९ रोजी पुण्यात त्या दोघा भावांना वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी संपवले. नाशिकमध्ये याची पुढची आवृत्ती घडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या धरपकडीत पोलिसांना कबुलीजबाब मिळाले, नाशिक कटाच्या खटल्यात माफीचे साक्षीदार उभे राहिले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. नाशिककरांच्या कित्येक पिढ्या या कथेवर वाढल्या आहेत. तिच्यात माहिती देणारा म्हणजे घरभेदी, यापलीकडे त्याला जागा नाही. ही स्मृती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण तिचा एक दूरवरचा परिणाम झाला. परक्या सरकारला स्वकीयांची बातमी देणारा आणि स्वतःच्या कचेरीतला पैशाचा अपहार उघड करणारा, हे दोघे लोकांच्या मनात एकाच रांगेत बसले. पहिल्याच्या मागे सत्ता उभी असते, दुसऱ्याच्या समोर. एवढा मोठा फरक असूनही ऑफिसात दोघांना शिवी एकच मिळते.

विमा धंद्याचा इतिहास मात्र असा की त्यातली मोठी सुधारणा आतल्या माहितीनेच घडवली. डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत फिरोज गांधींनी दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतल्या पैशांच्या उलाढालीवर कागदपत्रांनिशी भाषण केले. पुढच्याच महिन्यात, १९ जानेवारी १९५६ रोजी, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी वटहुकूम काढून आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, मिळून २४५ संस्था सरकारच्या ताब्यात आल्या. ही तयारी दिल्लीत इतक्या गुप्तपणे चालली होती की कंपन्यांना हिशेबाच्या वह्या फिरवायला उसंतच मिळाली नाही. गुपित राखणे सरकारला जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मनात असले की जमते. पण मालक बदलल्याने स्वभाव बदलला नाही. जून १९५७ मध्ये नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारलेही गेले नव्हते. त्या डिसेंबरात फिरोज गांधी पुन्हा उभे राहिले. त्यांच्या हाती अर्थमंत्री आणि त्यांचे सचिव यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार आलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश चागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेऊन २४ दिवसांत काम उरकले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारींना अर्थमंत्रिपद सोडावे लागले.

या प्रकरणाची आठवण सहसा जावयाने सासऱ्याचे, म्हणजे नेहरूंचे, सरकार हलवल्याची म्हणून काढली जाते. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने ती पत्रे बाहेर दिली त्याचे नाव त्या चौकशीचा विषय झाले नाही. आयोगाने पत्रांचा मजकूर तपासला, सह्या करणाऱ्यांना विचारले, आणि व्यवहार कसा झाला ते ठरवले. हे शक्य झाले कारण माहिती घेणारा माणूस आरोपीच्या हाताखालचा नव्हता. तो खासदार होता, आणि सभागृहातल्या बोलण्याबद्दल त्याला कोर्टात खेचण्याची घटनेनेच मनाई केली आहे. ही ढाल माहिती देणाऱ्याला अप्रत्यक्षपणे मिळाली. पण प्रत्येक कारकुनाला फिरोज गांधी कुठून मिळणार? हे बहुधा चिंतामणरावांनीही ओळखले असावे. मंत्रिपद सोडल्यावर, १९५९ मध्ये, त्यांनी भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणारे उच्चस्तरीय, निःपक्षपाती, कायमचे न्यायासन नेमावे अशी सूचना केली, आणि ते नेमले गेले तर आपण स्वतः पाच-सहा प्रकरणे त्याच्यापुढे ठेवू असेही सांगितले. नेहरूंनी ती सूचना मानली नाही. महाडजवळच्या नात्याचा हा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, माजी अर्थमंत्री. त्याच्यासारख्यालाही आपल्याजवळची माहिती कुणाच्या हाती द्यावी हा प्रश्न पडत होता, तर सातपूरच्या कामगाराची काय कथा.

सातपूरचे नाव सहज आले नाही. नाशिकमध्ये आरोग्य विम्याची पहिली मोठी ओळख झाली ती कारखान्यांतून. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, लोकांच्या तोंडी ईएसआय, आणि साठच्या दशकापासून वाढलेल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांनी हजारो कुटुंबांना विम्याच्या दवाखान्याची सवय लावली. पगारातून वर्गणी कापायची आणि भरायची नाही, कामगारांची संख्या कमी दाखवायची, आजारपणाचा खोटा दाखला मिळवायचा: या योजनेतल्या लबाड्या दोन्ही बाजूंनी होण्यासारख्या आहेत आणि कायद्यात त्यांना शिक्षाही आहे. पण कायद्याबाहेरची एक व्यवस्था इथे कामी आली, तिची दखल फारशी घेतली जात नाही. मालकाने वर्गणी बुडवली तर तक्रार जाई ती युनियनच्या लेटरहेडवर, सरचिटणिसाच्या सहीने. मूळ माहिती देणारा लेथवरचा कामगार कागदावर नसे. सरचिटणीस मात्र खराखुरा, पत्ता असलेला, प्रसंगी दंडाला दंड भिडवणारा माणूस असे. म्हणजे तक्रार निनावी नव्हती आणि तरीही तक्रारदार सुरक्षित होता. युनियनच्या इतर गुणदोषांवर हवे तितके बोलता येईल, पण नाव राखण्याचे काम या शहरात तिच्याइतके सातत्याने दुसऱ्या कोणी केले असेल असे मला वाटत नाही. आज आरोग्य विम्याचे दावे जिथे तयार होतात, त्या रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर, विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, कार्यालयात, कॉल सेंटरवर कंत्राटी मुले-मुली काम करतात. त्यांना युनियन नाही. अकरा महिन्यांचा करार असतो, आणि तो पुढे वाढवायचा की नाही हे ज्याच्या हातात, बहुतेक वेळा तक्रारही त्याच्याचविषयी असते.

नाव राखणारा कोणी नसला की काय होते, हे याच जिल्ह्याने २०११ मध्ये पाहिले. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तिथला भेसळीचा प्रकार पाहिला आणि त्यांना दिवसाढवळ्या जाळून मारण्यात आले. दोनच दिवसांत राज्यभर सुमारे दोनशे ठिकाणी छापे पडले आणि शे-दीडशेहून अधिक माणसे धरली गेली. या छाप्यांकडे जरा उलट्या बाजूने पाहावे. अठ्ठेचाळीस तासांत दोनशे पत्ते नव्याने शोधून काढता येत नाहीत. ते पत्ते कुणाला ना कुणाला, कुठल्या ना कुठल्या फायलीत, आधीच ठाऊक होते. माहिती होती, तिच्यावर कारवाई झाली ती एक अधिकारी गेल्यावर. तेलगीच्या प्रकरणाचा शेवटही नाशिकपुरता असाच पोकळ झाला. तो स्वतः ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरला वारला. पुण्या-मुंबईच्या इतर खटल्यांत त्याला मोठ्या शिक्षा झालेल्या होत्या, पण नाशिकच्या न्यायालयातला खटला २०१८ च्या अखेरीस पुराव्याअभावी निर्दोष सुटकेवर संपला. आतल्या माणसाने वेळेवर, सुरक्षितपणे दिलेली माहिती आणि पंधरा वर्षांनी गोळा करायचा पुरावा यांतला फरक तिथे दिसतो.

आता आजच्या आरोग्य विम्याकडे. मेडिक्लेम १९८६ मध्ये आला, तेव्हा तो सरकारी कंपन्यांपुरता आणि पैसे आधी भरून मग मागण्याचा मामला होता. २००१ मध्ये टीपीए आले, कॅशलेस सुरू झाले, आणि दाव्याच्या साखळीत रुग्णालय, टीपीए आणि विमा कंपनी असे तीन दरवाजे तयार झाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये नाशिकसह उरलेल्या राज्यात पोहोचली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. तिच्यात रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र हा चौथा साक्षीदार. दाखल न झालेला रुग्ण दाखल दाखवणे, साध्या तापाची फाइल गंभीर करणे, योजनेतल्या रुग्णाकडून वरून रोख घेणे हे रुग्णालयाच्या बाजूचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. कंपनीच्या बाजूचे कमी बोलले जातात: दावे अडवण्यासाठी तपासनिसाने आधीच ठरवलेला अहवाल लिहिणे, ठरावीक रुग्णालयांच्या फायली पैसे घेऊन पुढे सरकवणे, एजंटाने फॉर्मवर ग्राहकाचा मधुमेह मुद्दाम न लिहिणे आणि मग त्याच कारणावरून दावा नाकारला जाणे. यांतले जवळजवळ सगळे बाहेरच्याला दिसत नाही. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या २०२४ च्या जागतिक अहवालात उघड झालेल्या अपहारांपैकी ४३ टक्के कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाले, आणि त्या खबरींपैकी निम्म्याहून अधिक संस्थेच्याच कर्मचाऱ्यांकडून आल्या. लेखापरीक्षण त्यांच्या खूप मागे होते.

यावर कोणी म्हणेल, आता संगणक आहे, नमुने शोधणारी प्रणाली आहे, माणसाची चहाडी कशाला हवी. कॅगच्या २०२३ च्या अहवालाने आयुष्मान भारत योजनेतल्या सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक सापडल्याचे दाखवले, तो अशाच पडताळणीतून. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. निष्काळजी लबाडी संगणक पकडतो. पण ज्या फाइलीत डिस्चार्ज कार्ड आहे, लॅबचे रिपोर्ट आहेत, फोटो आहे, सही आहे, आणि फक्त रुग्ण त्या दिवशी आपल्या गावी शेतात होता, ती फाइल प्रणालीच्या दृष्टीने निर्दोष असते. ती खोटी आहे हे वॉर्डातल्या नर्सला माहीत असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो अनुभवातून येतो. निनावी अर्ज ही आपल्या कचेऱ्यांना जडलेली जुनी व्याधी. बढतीच्या तोंडावर, बदलीच्या हंगामात, निवडणुकीच्या आधी असे अर्ज पडतात आणि निर्दोष माणसाचे वर्ष खातात. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ मध्ये निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये असे सांगितले, त्यामागे हाच त्रास होता. पण इथे दोन निराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. निनावी तक्रारीत नाव कुणालाच माहीत नसते. गोपनीय तक्रारीत ते एका जबाबदार माणसाला माहीत असते आणि त्याने ते राखायचे असते. २१ एप्रिल २००४ च्या केंद्र सरकारच्या ठरावाने दुसरा मार्ग काढला. त्याला निमित्त झाले सत्येंद्र दुबे या अभियंत्याचे. महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिले होते, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती, आणि ते पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. ठरावानुसार तक्रार बंद पाकिटात थेट दक्षता आयोगाकडे जाते, तक्रारदाराला नाव द्यावेच लागते, आयोग ते राखतो, आणि खोडसाळ तक्रारीवर कारवाई करण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. म्हणजे सूडाच्या अर्जाला आळा घालण्याचा उपाय गोपनीयतेतच आहे. ज्याला नाव द्यावे लागते तो विचार करून लिहितो.

आणि आरोपीचा हक्क? आपल्यावर कोण आरोप करतो हे कळल्याशिवाय बचाव कसा करायचा? चागला आयोगाचे उदाहरण याला पुरेसे उत्तर आहे. खबर हा पुरावा नसतो, पुरावा कुठे आहे याचा पत्ता असतो. कागद सापडला की आरोपीने कागदाला उत्तर द्यायचे. कागद सापडला नाही तर खबरीवर कुणाला शिक्षा होऊ नये. ज्या प्रकरणात सारी भिस्त खबऱ्याच्या साक्षीवरच असेल, तिथे त्याला कधीतरी समोर यावेच लागेल, हे कबूल करायला हवे. विम्यातली प्रकरणे बहुतांशी कागदाची असतात, एवढेच त्यावर म्हणता येते.

सरकारला खबरीची किंमत कळत नाही असेही नाही. जकात चुकवलेल्या मालाची खबर देणाऱ्याला जप्तीतला वाटा देण्याची प्रथा फार जुनी आहे. प्राप्तिकर खात्याची बक्षीस योजना आहे. शेअर बाजारातल्या आतल्या माहितीच्या व्यवहारांसाठी सेबीने २०१९ मध्ये एक कोटीपर्यंतचे बक्षीस ठेवले आणि पुढे ते दहा कोटींवर नेले. अमेरिकेत लिंकनच्या काळातल्या १८६३ च्या कायद्याखाली सरकारला फसवणाऱ्याची माहिती देणाऱ्याला वसुलीतला हिस्सा मिळतो, आणि त्या कायद्यातली आजची मोठी वसुली आरोग्यसेवेतूनच होते. आपल्याकडे विमा नियामकाने काय केले? २०१३ मध्ये फसवणुकीवर देखरेखीची चौकट आखून दिली, २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक कंपनीने तक्रारदार-संरक्षण धोरण ठेवावे असे सांगितले. धोरणे झाली, संकेतस्थळांवर चढली. त्यांत तक्रार जाते ती त्याच कंपनीच्या लेखापरीक्षण समितीकडे. ग्राहकासाठी विमा लोकपाल आहे, पण तो ग्राहकाच्या स्वतःच्या पॉलिसीपुरता आणि ग्राहकाच्या उघड नावाने.

त्यामुळे नाशिकमध्ये आज अशी स्थिती आहे की सरकारी विमा कंपनीच्या शाखेतल्या कर्मचाऱ्याला एखाद्या रुग्णालयाशी साटेलोटे दिसले, तर तो दिल्लीच्या सतर्कता भवनाला, म्हणजे दक्षता आयोगाला, बंद पाकीट पाठवू शकतो. खासगी आरोग्य विमा कंपनीतल्या त्याच्या मित्राला, त्याच रुग्णालयाबद्दल, स्वतःच्या कंपनीला ई-मेल करावा लागतो, आणि टीपीएतल्या कंत्राटी मुलीला तर तो कुणाला करायचा हेही कुणी सांगितलेले नसते. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींच्या सहीने मंजूर झाला. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात पहिल्यांदाच तरतूद आहे. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना अद्याप निघालेली नाही. उद्या ती निघाली तरी या दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही, कारण तो कायदा फक्त लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे.